त्या गाडीत बसायचं नाही

मिल्टन कीन्स
९ नोव्हेंबर २०२४

नाही बाबा, तुमचं ते साध्या राहणीचं प्रकरण मला अजून पटलेलं नाही, आणि चार पानं उपदेश लिहून पाठवलात म्हणून पटणारही नाही. जय भीम.

मी तुम्हाला लिहिलं काय होतं? की मनाली नर्स म्हणून इथे आली, तिचा नवरा म्हणून तिच्या व्हिसावर मी आलो, नववी नापास माणसाला इथे कोण खुर्ची देणार, म्हणून एका मिनीबसवाल्याकडे ड्रायव्हर लागलो आणि त्याने मला आमिश लोकांच्या फेऱ्यांवर टाकलं. अमेरिकेतून आलेली त्या ख्रिस्ती पंथाची आठ घरं आहेत, शहराबाहेर वीस-पंचवीस मैलांवर. पुरुषांना दाढी, डोक्यावर काळी टोपी, बायांच्या केसांवर पांढरं कापड. घरात वीज नाही, टीव्ही नाही, फोन नाही, शेतीला घोडे. एवढंच लिहिलं मी. तर तुम्ही त्यांना सरळ भिक्खूंच्या रांगेत नेऊन बसवलं. 'शिक यांच्याकडून काहीतरी.'

काय शिकू? ऐका. गाडी ठेवणं पाप, पण माझी गाडी भाड्याने बोलावणं पाप नाही. म्हणजे पाप मी चालवायचं आणि यांनी मागे बसून दातांच्या डॉक्टरकडे जायचं. घरात फोन पाप. मग फाटकाबाहेर संडासाएवढं लाकडी खोपटं बांधलंय, त्यात फोन आहे. तिथे रांग लागते. तारेची वीज नको, पण कपडे धुवायचं मशीन डिझेल इंजिनावर चालतं. त्या अंगणात उभं राहिलं की घोड्याची लीद आणि डिझेल यांचा एकत्र वास नाकात जातो आणि दिवसभर निघत नाही. ढोंगाला वास असता तर तो असाच असता.

आणि त्याहून वीट आणतात ते बघायला येणारे. ब्रॅकनेलचा प्रणयदादा, तुमचा लाडका, जयंतीला हॉलमध्ये मोठं भाषण ठोकतो तो, मागच्या शनिवारी बायकोला घेऊन यांचा जॅम विकत घ्यायला आला होता. घरी तीन स्क्रीन लावून काम करतो. मला म्हणतो, "प्रज्ञेश, धिस इज लाइफ यार. यांनी कधीच बदलू नये." आणि दोन मिनिटांनी फोन डोक्याच्या वर धरून, "इथे नेटवर्क काऊन येत नाही बे?"

पण खरा विषय तुम्ही चार पानांत कुठेच लिहिला नाही. वैभवीला सहावा लागलाय. आई म्हणते, पोरीचं पहिलं बाळंतपण, घरी आणू. तुम्ही म्हणता, होम आणि सप्तपदी करून गेलेल्या पोरीला या घरात जागा नाही. दीड वर्ष झालं. तिच्या लग्नाला मी व्हिडिओवर हजर होतो म्हणून माझ्याशीही फोन बंद, काय ते पत्रात लिही. ठीक आहे, लिहून राहिलो ना. फेब्रुवारीत बाळ येईल. ते काही तुमचं पत्र पोचायची वाट बघणार नाही.

तुमचा प्रज्ञेश


नागपूर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रज्ञेश,
जय भीम.

तुझं पत्र सोळाव्या दिवशी मिळालं. अक्षर सुधारलं आहे. भाषा नाही.

तू ज्याला ढोंग म्हणतोस त्याच्याकडे मी जरा वेगळं पाहतो. गाडी विकत घेणं आणि नड लागली तेवढ्यापुरती बोलावणं, यात फरक आहे. दारात गाडी आली की घरातला माणूस दाराबाहेर राहू लागतो. फोनचंही तसंच. त्यांनी फोन फाटकाबाहेर ठेवला, म्हणजे गरज पडली की ते फोनकडे जातात. आपल्याकडे फोन माणसाकडे येतो आणि मानगुटीवर बसतो. परवा विहारात रविवारच्या वंदनेला सहा जण होते, त्यातले दोघे त्रिसरण चालू असताना मोबाईलमध्ये डोकं घालून होते. शेवटी मी वंदना थांबवली.

मनालीने तुझ्या आईला फोनवर सांगितलं की तिच्या वॉर्डात म्हातारी माणसं बरी होऊनही महिना महिना पडून असतात, कारण घरी न्यायला कोणी येत नाही. तुझ्या त्या आठ घरांतला म्हातारा असा पडून राहिलेला तू पाहिलास का? पाहिला असशील तर लिही. नसशील तर तेही लिही. काय सोडायचं आणि काय धरायचं हे त्यांनी बसून ठरवलं आहे. जगाने बदल म्हटलं म्हणून बदलायचं, असं त्यांचं नाही. मला याचा आदर वाटतो.

राहिली दुसरी गोष्ट. दीक्षेच्या वर्षी तुझी आजी सोळा वर्षांची होती. तिच्या बापाने घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले तेव्हा टोपली तिच्या डोक्यावर होती. गावाने दोन वर्षं त्यांना काम दिलं नाही. एवढं सोसून जे सोडलं, ते वैभवीने एका सकाळी हसत हसत परत उचललं. मी तिला रागावलेलो नाही. पण हा विषय यापुढे पत्रात नको.

थंडीत कान झाकून गाडी चालव.

तुझा,
बाबा


मिल्टन कीन्स
१५ डिसेंबर २०२४

बाबा, जय भीम.

विषय नको म्हणालात, पण तो तुमच्या-माझ्या मध्ये पाय पसरून बसलाय, त्याला उठवू कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी खरं ते सांगतो. नाही, यांचा एकही म्हातारा हॉस्पिटलात पडून राहिलेला मी पाहिला नाही. एकाचा गोठा जळाला तर आठ घरांतले पुरुष तीन दिवसांत नवा उभा करून गेले, एक पैसा न घेता. घ्या. तुमचे मार्क तुम्हाला दिले.

आता तुमच्या साध्या लोकांची शाळा ऐका, मास्तर. आठवी. बस्स. पुढे नाही, पोराला नाही, पोरीला नाही. घरीच शिकवतो म्हणून कौन्सिलला कळवून टाकतात. जास्त शिकलं की माणूस गर्विष्ठ होतो, असं म्हणतात. मी शाळेतून पळालो, तुम्ही पट्टी मोडेपर्यंत मारलं, तरी भिंतीवरून उडी टाकून गेलो. ती माझी अक्कल. इथे पोरांना अक्कल गमवायचीही सोय नाही, भिंत बापच बांधून ठेवतो.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मागच्या रविवारी त्यांच्या पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. त्यांचा मुखिया एझरा, सत्तरीचा, त्यांच्यात त्याला बिशप म्हणतात. मी व्हॅनमध्ये डबा उघडत होतो तर स्वतः बाहेर आला. "आत ये. आमच्यात ड्रायव्हर बाहेर जेवत नाही." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मोठं लांब टेबल, वीस माणसं, मला एझराच्या शेजारी बसवलं. रंग नाही विचारला, धर्म नाही विचारला.

तेवढ्यात लोविना आली. ही मनालीच्या वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट आहे, पेशंटांना अंघोळ घालते, आमच्या घरी येऊन वरणभात खाऊन गेलेली. ही एझराचीच मुलगी, हे मला तिथे कळलं. एकोणिसाव्या वर्षी तिने त्यांच्या देवासमोर शपथ घेतली, बाविसाव्या वर्षी नर्स व्हायचं म्हणून बाहेर पडली. शपथ मोडली. महिन्यातून एकदा आईला बघायला येते. तिच्यासाठी वेगळं टेबल होतं. आमच्या टेबलापासून वीतभर लांब, त्यावर वेगळी चादर. बाबा, वीतभर. मी नागपूरचा, काळा, दुसऱ्या धर्माचा ड्रायव्हर, पंगतीत. आणि पोटची पोरगी बाहेर.

मग तिने उकडलेल्या बटाट्याचं भांडं उचलून बापापुढे धरलं. एझराचे हात मांडीवर. त्याने भांड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही. तिने भांडं टेबलावर ठेवलं, हात मागे घेतला. तेव्हा त्याने ते उचललं, वाढून घेतलं आणि पुढे माझ्याकडे दिलं. सवयीने चाललं होतं सगळं. तिच्या हातून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.

किळस आली, बाबा. गटारात हात गेला की येते ना, तशी. बाहेर जाऊन तोंडातला घास थुंकून आलो.

परत येताना लोविना माझ्या व्हॅनमध्ये होती. म्हणते, "तोंड का पाडलंस? बटाटे कसे झाले होते ते सांग. मी सोलले होते."

आजी सांगायची, तहान लागली की पाटलाच्या दारात ओंजळ धरून बसायचं आणि ते वरून पाणी ओतायचे. ती आजी तुमची आई होती. आणि माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी वैभवीने डबा पाठवला, तो तुम्ही हात न लावता आल्या पावली परत पाठवला. हो, आईनेच सांगितलं. मला आता ते भांडं आणि तो डबा वेगळे दिसतच नाहीत.

प्रज्ञेश


नागपूर
४ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञेश,
जय भीम.

आठवीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात फिरून आलो. सदतीस वर्षं मी महानगरपालिकेच्या शाळेत पोरं घरून ओढून आणली. मुलीला आठवीनंतर घरात बसवणारा कितीही साधा असो, मी त्याला साधा म्हणणार नाही. माझं आधीचं मत मी दुरुस्त करतो. शाळेच्या बाबतीत त्यांनी बदललंच पाहिजे, आणि कोणी सांगण्याची वाट न बघता.

परंतु ओंजळ आणि ते टेबल तू एका मापात घातलंस, ते चूक आहे. तुझ्या आजीने काहीही केलं नव्हतं. ती जन्मली, एवढाच तिचा गुन्हा. त्या मुलीने जाणत्या वयात शपथ घेतली आणि जाणत्या वयात मोडली. जन्मावरून बाहेर ठेवणं हा अधर्म. शपथ मोडणाऱ्याला बाहेर ठेवणं ही शिस्त. एवढा फरक तुला कळायला हवा होता. संख्येने मूठभर असलेला समाज शिस्तीवरच टिकतो. आपणही तसेच टिकलो.

तू मला दगड समजतोस. समज. पण बंद दाराबाहेर उभा राहिलेला माणूस विचार करतो आणि कधीतरी परत येतो. उघड्या दारातून कोणी परत येत नाही, नुसती ये-जा चालते. वैभवीने एक पत्र लिहावं, चूक झाली म्हणावं, दार त्याच दिवशी उघडेल. दीड वर्षात तिने एक ओळ लिहिलेली नाही. स्वभाव कोणावर गेला आहे, कोण जाणे.

तुझी आई हल्ली जेवणात मीठ विसरते. मी काही म्हणत नाही.

बाबा


मिल्टन कीन्स
२४ जानेवारी २०२५

बाबा,

आज मोठं लिहिणार आहे. शेवटपर्यंत वाचा, मधे अंगणात जाऊ नका.

मागच्या शुक्रवारी मी लंडनजवळ पिनरला होतो. शशीभाई म्हणून एक गुजराती गृहस्थ आहेत, त्यांनी आमिश लोकांकडून जेवणाचं टेबल करून घेतलं होतं, ते पोचवायला. टेबलाचे पाय लावत होतो आणि फोन वाजला. एझराचा मोठा मुलगा, फोनच्या खोपट्यातून. मला ते प्रॅग म्हणतात. "प्रॅग, आईचं तोंड एका बाजूला गेलंय. उजवा हात उचलत नाही. अँब्युलन्सवाले म्हणतात दीड तास तरी लागेल. तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, मला तास-सव्वा तास लागेल. आणि फोन ठेवता ठेवता मला वाटलं, अरे, लोविना! तिने नुकतीच छोटी लाल गाडी घेतलीय आणि तिची खोली तिथून दहा मिनिटांवर. मनालीकडून ऐकून ऐकून एवढं मलाही माहीत झालंय की या दुखण्यात मिनिटं मोजतात. मी लगेच लोविनाला फोन केला आणि एझराच्या मुलाला उलट फोन करून कळवून टाकलं, "गाडी येते आहे, दहा मिनिटांत पोचेल." कोणाची ते सांगितलं नाही. पोरगी आहे, पोटची आहे, अशा वेळी कोण नियम बघतो? मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, बाबा. शशीभाईंची बायको चहा घेऊन आली तर तो तिथेच टाकून निघालो.

धुकं होतं. पोचलो तेव्हा काय दिसलं ते सांगतो. अंगणात लाल गाडी उभी. इंजिन चालू, हीटर चालू, मागचं दार सताड उघडं, सीटवर उशी लावलेली. आत कोणी नाही. आणि दहा पावलांवर, ओसरीच्या पायरीशी, म्हातारी गादीवर. अंगावर पाच रजया. तोंडातून लाळ गळत होती आणि सून ती पुसत होती. एझरा शेजारी खुर्चीवर, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. लोविना गाडीच्या दारापाशी उभी. तिचा आवाज बसला होता. बापाला ते डॅट म्हणतात. "डॅट, वीस मिनिटं लागतात हॉस्पिटलला. डॅट, मी गाडीतून उतरते, कोणीतरी दुसरा चालवा." दुसरं कोण चालवणार? तिथे कोणालाच येत नाही.

तासभर, बाबा. शपथ मोडलेल्याच्या गाडीत बसायचं नाही. तिच्या हातून भांडं नाही तशी तिच्या हातून गाडी नाही. हा नियम मला माहीत नव्हता. आणि सगळ्यात घाण काय ते ऐका. माझा फोन गेला नसता तर त्यांनी शेजारच्या इंग्रज शेतकऱ्याला हाक मारली असती. त्याच्या गाडीत ते बसतात. पण मी म्हटलं ना, गाडी येते आहे, म्हणून थांबले. आणि आली ती कोणती, तर साऱ्या जिल्ह्यात जिच्यात बसता येत नाही नेमकी तीच. तोवर शेजारी बाजाराला निघून गेला होता.

मी आणि तिच्या भावाने म्हातारीला उचलून व्हॅनमध्ये घेतलं. एझरा पुढे बसला. लोविनाची गाडी रिकामी आमच्या मागे मागे, आरशात दिसत होती. अर्ध्या वाटेत मला राहवेना. म्हटलं, "एझरा, तुमचा देव गाडीचा ड्रायव्हर बघतो का?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुला वाटतं माझं तिच्यावर प्रेम नाही. मी दार बंद ठेवलंय ते ती परत यावी म्हणून. उघडं ठेवलं तर परत येण्यासारखं काय राहील?"

बाबा, हे मी आधी वाचलेलं होतं. तीन दिवस आधी. तुमच्या अक्षरात.

डॉक्टर म्हणाली, तासभर आधी आणलं असतं तर एक इंजेक्शन होतं ते जास्त लागू पडलं असतं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लोविना पलंगाशी वाकली तेव्हा म्हातारीने डाव्या हाताने तिची बाही पकडली आणि तोंडातून नुसता आवाज काढला, शब्द नाही. काय म्हणायचं होतं ते आता कोणालाच कळणार नाही. एझरा दारात उभा होता, त्याने मान फिरवली. मग मला बाजूला घेऊन भाडं दिलं, थांबल्या वेळेचं धरून, सुट्ट्यासकट. ते पैसे मी व्हॅनच्या खणात टाकले, अजून हात लावलेला नाही. त्यांची घाण वाटते, माझीही वाटते.

आता शिस्त आणि अधर्म यातला फरक तुम्ही मला सावकाश समजावून सांगा. वैभवीला नववा लागलाय.

प्रज्ञेश


नागपूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञेश,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या बाईंची प्रकृती कशी आहे ते कळव. डाव्या हाताने लिहायची सवय करता येते, त्यांना पाटी-पेन्सिल द्यावी. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचा उजवा हात गिरणीत गेला होता. तो चार महिन्यांत डाव्या हाताने लिहायला लागला.

फोन तू केलास यात तुझी चूक नाही. हे मी तुला स्पष्ट लिहितो आहे, कारण तू ते मनात धरून बसशील. लहानपणीही बसायचास.

इकडची हकिकत अशी. आठ तारखेला सकाळी वैभवीचा नवरा सुश्रुत आला. लग्नानंतर पहिल्यांदाच. आत ये म्हटलं नाही, तोही आला नाही. तुझी आई पिशवी भरून तयार होती, म्हणजे दोघांचं आधी ठरलेलं होतं. मला म्हणाली, "मी वर्ध्याला चालले. पोरीजवळ कोणी नाही. तुम्ही तुमची शिस्त सांभाळा, डबा शेजारच्या सुप्रभाला सांगितलाय." एकेचाळीस वर्षांत ती मला असं बोललेली नाही. मी अडवलं नाही.

सुश्रुतने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, आणि मग पुढचंही उघडलं. "बाबा, तुम्हीही चला." सगळी गल्ली बघत होती. मी म्हणालो, "मला वर्ध्याला यायचं असेल तर एसटी आहे." तो बरं म्हणाला. पुढचं दार त्याने लगेच लावलं नाही, थोडा वेळ तसंच धरून उभा राहिला. मग गेले.

बारा तारखेला मुलगी झाली असं सुप्रभाकडून कळलं. अधिक कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुझं तिकडे बोलणं होत असेल. वजन किती भरलं, ते सवडीने कळव. आणि वैभवीला त्रास फार झाला का, तेही.

घरी शांतता आहे. वाचन होतं. रविवारी वंदनेनंतर लोक विचारतात, सिंधुबाई कुठे गेल्या. मी सांगतो, गावी गेल्या. ही पंचशीलाला धरून असलेली गोष्ट नाही, याची मला जाणीव आहे.

बाबा


मिल्टन कीन्स
९ मार्च २०२५

बाबा, जय भीम.

दोन किलो आठशे. वैभवीला सतरा तास लागले. शेवटी शेवटी ती आईला नाही, तुम्हाला शिव्या देत होती असं आई म्हणाली. काय दिल्या ते आई सांगत नाही, पण हसून राहिली होती. नाक पोरीला तुमचं आलंय. मी व्हिडिओवर बघितलं. उपाय नाही.

लोविनाच्या आईला घरी नेलं. पाटी मी नेऊन दिली, तुमचं नाव सांगून. एझराने माझ्या हातातून घेतली. म्हातारी अजून नुसत्या रेघा ओढते. लोविना आता दर रविवारी जाते, तिला पुसते, कुशीवर वळवते, भरवते. म्हातारीला चमचा तिच्या हातून लागतो, टेबलावर ठेवलेला डाव्या हाताने उचलणं तिला अजून कुठे जमतंय? तेवढ्यापुरता एझरा खोलीबाहेर जाऊन उभा राहतो. बघितलं नाही म्हणजे झालं नाही. मला आधी वाटलं, म्हातारा बदलला. मग समजलं, त्याने ढोंगाचं आणखी एक खोपटं बांधलं, या खेपेला खोलीच्या दाराबाहेर. मला ते बघवेना. मी त्या फेऱ्या सोडल्या, आता पार्सलची व्हॅन चालवतो, दिवसभर राउंडअबाउट आणि लोकांची दारं.

निघताना लोविनाला विचारलं, तुमच्या लोकांनी बदलावं की नाही, एकदा सांगून टाक, माझ्या वडिलांचं आणि माझं यावर भांडण चाललंय. ती हसली. म्हणाली, "घोडा ठेवा, कंदील ठेवा, टोपी ठेवा. मी काय फोनसाठी घर सोडलं होतं? मला आठवीच्या पुढचं गणित हवं होतं. आणि जेवायला त्याच टेबलावर बसू द्यावं. एवढंच. बाकी मला ते सगळं आवडायचं रे." आणि मग रडली.

म्हणजे बाबा, तुमचंही थोडं बरोबर आणि माझंही थोडं. दीक्षा ठेवा, वंदना ठेवा, टोपलीतले देव नदीतच राहू द्या, मीही काही काढायला जात नाही. वैभवीही जात नाही, तिच्या घरात एक फोटो आहे आणि तो कोणाचा ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने पत्र लिहिलं नाही म्हणता. तुम्ही तिला लिहिलं? एझराला मी ढोंगी म्हणतो, पण तो निदान त्याच घरात, त्याच खोलीच्या दाराबाहेर उभा असतो. तुम्ही पाऊणशे किलोमीटर लांब बसून लोकांना गावी गेल्या म्हणून सांगताय. मला तुमची कधी किळस येईल असं वाटलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून थोडी आली, आणि मग वजन किती भरलं ते वाचलं आणि गेली. पुन्हा आणू नका.

आता व्यवहाराचं. दर महिन्याचे पैसे या खेपेला आईच्या खात्यात टाकलेत, बाळंतिणीच्या खर्चाला. तुमची पेन्शन तुम्हाला पुरते. तुमच्या खात्यात वेगळे टाकतो आहे. तुम्ही सुश्रुतला म्हणालात, वर्ध्याला यायचं असेल तर एसटी आहे. शब्द तुमचा आहे, मोडायचं काही कारण नाही, एसटीनेच जा. तिकिटाचा दर विचारून घेतलाय. एका माणसाचं, साधी गाडी, फक्त जायचं. यायचं पाठवत नाही. येताना आई, वैभवी आणि पोरगी सुश्रुतच्या गाडीने येणार आहेत, आणि पुढच्या सीटवर पिशवी ठेवू नका म्हणून मी त्याला बजावून ठेवलंय.

पाठवले आहेत, रुपये एकशे पस्तीस.